रोझमेरी तेल

भूमध्य समुद्राच्या आसपासच्या प्रदेशात वाढणाऱ्या रोझमेरी या सदाहरित झुडपाच्या पाल्यापासून व फुलोऱ्यापासून मिळणारे बाष्पनशील सुगंधी तेल. हे झुडूप तुळस व पुदिना यांच्या कुलातील (लॅमिएसी) आहे. त्याचे जुने शास्त्रीय नाव रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस; 2017 नंतर ते साल्व्हिया प्रजातीत घातले गेल्याने आता साल्व्हिया रोझमॅरिनस हे नाव रूढ होत आहे. तेलाचे उत्पादन मुख्यतः स्पेन, मोरोक्को व ट्यूनिशिया येथे होते. भारतात निलगिरीच्या डोंगरांत रोझमेरीची लागवड केली जाते.

तेल काढण्यासाठी पाला बंद टाकीत भरून खालून वाफ सोडतात. वाफेबरोबर उडालेले तेल थंड झाल्यावर पाण्यावर तरंगते आणि वेगळे काढता येते. शंभर किलो ताज्या पाल्यातून साधारण अर्धा ते एक किलो तेल हाती लागते, त्यामुळे अस्सल तेल स्वस्त असू शकत नाही. ते पाण्यासारखे पातळ, रंगहीन ते फिकट पिवळे असते. त्यात सिनिओल, कापूर व आल्फा-पायनीन हे प्रमुख घटक असतात, पण त्यांचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते. मोरोक्को-ट्यूनिशियाच्या तेलात सिनिओल बरेच जास्त, तर स्पॅनिश तेलात कापूर व पायनीन यांचा वाटा मोठा असतो. सिनिओल हाच निलगिरी तेलाचाही मुख्य घटक. साहजिकच भेसळ होते ती स्वस्त निलगिरी तेलाची आणि कापराच्या अंशांची, आणि ती नुसत्या वासावरून ओळखू येत नाही. प्रयोगशाळेत वायू-वर्णलेखन करावे लागते. खाद्यतेलाची भेसळ मात्र घरीही कळते: टिपकागदावर थेंब टाकून ठेवल्यास शुद्ध बाष्पनशील तेल बहुतांशी उडून जाते, भेसळीचे तेलकट डाग मागे ठेवते.

बाजारात ‘रोझमेरी तेल’ या एकाच नावाखाली निरनिराळे पदार्थ विकले जातात. एक हे वाफेने काढलेले (ऊर्ध्वपातित) तेल. दुसरे, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पाला मुरवून केलेले तेल. तिसरे, सुगंधी तेलाचे थोडे थेंब घातलेले तयार केशतेल. शेवटची दोन तळहातावर ओतून डोक्याला चोळता येतात, पहिले मुळीच नाही. घरगुती अपघातांचे मूळ पुष्कळदा याच गोंधळात असते. खाद्यपदार्थ खवट होऊ नयेत म्हणून वापरला जाणारा रोझमेरीचा अर्क आणखी वेगळा. त्यातील कार्नोसिक आम्ल वाफेबरोबर उडत नसल्याने ते या तेलात उतरत नाही, म्हणून अर्काचे गुण तेलाला चिकटवणे चूक आहे.

साबण, कोलोन व अत्तरे यांत हे तेल फार पूर्वीपासून वापरले जाते. युरोपात स्नायू व सांधे यांच्या किरकोळ दुखण्यावर लावण्याच्या मलमांत ते पारंपरिक औषध म्हणून मान्य आहे. काही सौम्य कीटकनाशकांतही ते असते. सध्याची प्रसिद्धी मात्र केसांमुळे आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टक्कल पडू लागलेल्या 100 रुग्णांपैकी निम्म्यांना हे तेल व निम्म्यांना 2 टक्के मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचे औषध दिले. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत केसांच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नव्हता; सहा महिन्यांनी दोन्हींत केसांची संख्या काहीशी वाढली. पण काहीच औषध न दिलेला तुलनेचा गट चाचणीत नव्हता. एवढ्या पुराव्यावर जाहिरातीतील दावे उभे राहत नाहीत. कोंडा, बुरशी किंवा रक्तक्षय यामुळे गळणाऱ्या केसांसाठी तर आधी कारणावर उपचार हवेत.

हे तेल त्वचेवर कधीही निव्वळ लावू नये. डोक्यासाठी 2 टक्के प्रमाण पुरेसे, म्हणजे 30 मिलि. खोबरेल तेलात सुमारे 12 थेंब. चेहऱ्यासाठी 1 टक्क्याहून कमी. मिश्रणाचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे, लाली किंवा खाज आल्यास वापरू नये. थंडीत थिजलेले खोबरेल आधी कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करावे आणि मगच थेंब मिसळावेत. वाटी गॅसवर ठेवण्याची सवय येथे धोक्याची आहे, कारण सुमारे 45 अंश सेल्सिअसला या तेलाची वाफ पेट घेऊ शकते. अंघोळीच्या पाण्यात थेंब टाकले तर ते विरघळत नाहीत, तरंगून थेट अंगाला लागतात.

फेफऱ्याच्या रुग्णांनी ते वापरू नये, कारण त्यातील कापूर झटके आणू शकतो. गर्भवती व स्तनदा मातांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते टाळावे. तान्ह्या मुलांच्या नाकाशी किंवा छातीवर लावल्यास श्वास अडखळू शकतो. दमेकऱ्यांनी त्याचा वाफारा घेऊ नये.

हवा व उजेड लागून तेलाचे ऑक्सिडीकरण होते आणि जुने तेल त्वचेला अधिक दाहक ठरते. म्हणून गडद काचेच्या बाटलीत, घट्ट झाकण लावून, थंड जागी, समई व निरांजनापासून दूर आणि मुलांच्या हाताला न लागेल असे ठेवावे. अंगावर सांडल्यास आधी खाद्यतेलाने पुसून मग साबणाने धुवावे. डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण तेल फुप्फुसात उतरून गंभीर इजा होते. अशा रुग्णाला बाटलीसह तत्काळ रुग्णालयात न्यावे.