कागदपत्रांतील विजयालक्ष्मी

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहून द्या, असे आमच्या कार्यवाहबाईंनी सांगितले, तेव्हा लढाया आणि तह यांची उजळणी करू नये, असे मी मनाशी ठरविले. इतिहास ज्या कागदांवरून लिहिला जातो, त्या कागदांविषयीच दोन शब्द लिहावेत असे वाटले. आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. त्यांच्याच प्रेरणेने 1910 साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. परंतु जुनी दप्तरे सांभाळणारे आपण, आपल्याच काळातील माणसांचे कागद, विशेषतः स्त्रियांचे कागद, मात्र सहज रद्दीत घालतो.

दिल्लीला तीन मूर्ती भवन आहे. पंतप्रधान असताना पंडित नेहरू तेथे राहत. त्यांच्या निधनानंतर 1964 साली तेथे संग्रहालय व ग्रंथालय स्थापन झाले. 2023 पासून ते पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय या नावाने ओळखले जाते. तेथील हस्तलिखित विभागात अनेक सार्वजनिक कार्यकर्त्यांचे खाजगी कागद जतन केलेले आहेत. त्यांतच माजी खासदार श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांचा संग्रह आहे.

बाईंचा जन्म 1900 सालचा. माहेरचे नाव स्वरूपकुमारी. 1921 साली अलाहाबादेस रणजित सीताराम पंडित यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पंडितांचे घराणे राजकोटला स्थायिक झालेले, परंतु मूळचे कोकणातले, मराठी. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची आपली रीत आहे, त्या रीतीप्रमाणे स्वरूपकुमारीची विजयालक्ष्मी झाली. जगाने पुढे ओळखले ते नाव असे मराठी सासरचे आहे! रणजितराव संस्कृताचे जाणकार. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतर त्यांनी तुरुंगात बसून केले. ते 1935 साली प्रसिद्ध झाले.

बाईंचा सार्वजनिक जीवनक्रम बहुतेकींना ठाऊक असेल. 1937 साली त्या संयुक्त प्रांताच्या मंत्री झाल्या. स्वातंत्र्यलढ्यात तीनदा तुरुंगात गेल्या. 1946 साली दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा प्रश्न त्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला आणि 32 विरुद्ध 15 मतांनी ठराव संमत करून घेतला. मॉस्को, वॉशिंग्टन व लंडन येथे त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले. 1952 साली त्या लखनौहून लोकसभेवर निवडून आल्या. 1953 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. 1962 ते 1964 या काळात त्या आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. नंतर फुलपूरहून पुन्हा लोकसभेत गेल्या, आणि 1968 साली राजीनामा देऊन देहरादूनला राहू लागल्या. 1990 साली त्यांचे निधन झाले.

ही झाली पदांची यादी, आणि ती सरकारी दप्तरातूनही मिळते. खासदाराचे सभागृहातील भाषण छापले जाते, मंत्र्याची फाईल सरकारजमा होते. परंतु भाषणाच्या आदल्या रात्री त्याने भावाला काय लिहिले, घरखर्चाची तोंडमिळवणी कशी केली, हे कोणत्याही सरकारी कागदात नसते. ते त्याच्या पेटीतच सापडते.

याचे एकच उदाहरण देते. 1942 च्या लढ्यात नेहरूंना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. रणजितरावही तुरुंगात होते. तेथे प्रकृती ढासळली, म्हणून त्यांची सुटका झाली, पण थोड्याच दिवसांत, 14 जानेवारी 1944 रोजी, लखनौस त्यांचे निधन झाले. संक्रांतीच्या दिवसांत बाईंचे कुंकू पुसले गेले. वडील दोघी मुली अमेरिकेत शिकत होत्या, आणि आधाराचा भाऊ नगरच्या किल्ल्यात बंदिवान. भावाबहिणीत पुष्कळ वर्षे झालेल्या पत्रव्यवहारापैकी नेहरूंनी लिहिलेली पत्रे पुढे बाईंच्या कन्या नयनतारा सहगल यांनी संपादून 2000 साली प्रसिद्ध केली. नगरच्या किल्ल्याला आपण 'भारताचा शोध' या ग्रंथासाठी ओळखतो. एका विधवा बहिणीला धीर देणारी पत्रेही त्याच भिंतींआडून निघाली, हे पेटीतल्या कागदांमुळे कळते.

दुःखावर आणखी डाग बसला तो कायद्याचा. तीन मुली, मुलगा नाही. त्या काळच्या हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबातील अशा विधवेचा आणि तिच्या मुलींचा मिळकतीवरील हक्क फार तोकडा होता. पतीच्या मिळकतीवरून सासरी कसा वाद झाला, हे बाईंनी 1979 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. जी बाई मंत्री होऊन गेली होती, तिची ही अवस्था. मग आपल्यासारख्या घरांतील बायांची काय कथा? पुढे 1956 साली हिंदू वारसा कायदा झाला आणि स्त्रीला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः वाटा मिळण्यास मात्र महाराष्ट्रात 1994 आणि सर्व देशात 2005 साल उजाडावे लागले. कायद्याच्या पुस्तकात ही फक्त कलमे आहेत. कलम का लागले, ते अशा कागदांतून समजते.

खाजगी कागद म्हणजे देववाणी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. काय ठेवायचे आणि काय जाळायचे, हे माणूस स्वतः किंवा त्याचे घरचे ठरवितात. म्हणून एक पत्र वाचले की त्याचे उत्तर शोधावे, आणि दोन्ही इतर पुराव्यांशी ताडून पाहावीत. पण ताडून पाहायला आधी कागद तर हवा!

भगिनींनो, आपल्यापैकी कोणी खासदार झाली नाही. तरीही आपले मंडळ उभे राहिले ते कोणाच्या ओसरीवर, पहिली वर्गणी किती आणे होती, शिवणवर्गाला यंत्र कोणी दिले, हे आपल्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्यांतच लिहिलेले आहे. त्यातील काही वह्या आज वाळवीने पोखरल्या आहेत; काही वर्षांचा हिशेब कोणाच्या घरच्या ट्रंकेत आहे, हे सांगणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत. यासाठी मोठा खर्च लागत नाही. गंजणाऱ्या टाचण्या काढाव्यात, कागद साल आणि विषय लावून कोरड्या जागी ठेवावेत, छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत, वर्षातून दोनदा पेटी उघडून पाहावी. आजी किंवा आत्याची पत्रे, बँकेचे पुस्तक, नोकरीचा हुकूम घरात असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याच्या तराजूत घालू नये.

मंडळाच्या कपाटातील एक खण ह्या कामासाठी द्यावा, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे. कागद लावून देण्याचे काम मी आनंदाने करीन. सोबतीला दोघीतिघी आल्या, तर येत्या वर्धापनदिनापर्यंत पहिली यादी तयार होईल.