कोरी भिंत आणि मोतमाउली

आमच्या नवापूरकडच्या बहुतेक चर्चमध्ये मूर्ती नसते. फार तर एक क्रूस. स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी रुजवलेला हा प्रॉटेस्टंट रिवाज. वांद्र्याला मोतमाउलीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मात्र लोक मूर्तीपुढे मेणाचे हातपाय वाहतात! दोघेही ख्रिस्तीच.

७८७ सालच्या निकेयाच्या धर्मसभेने निवाडा दिला : प्रतिमेला मान द्यावा, उपासना देवाचीच करावी. वर्गात सांगायला सोपे. पण १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळे मूर्तिपूजेची म्हणून पाडली, आणि स्वतःच्या वेदीवर मूर्ती ठेवल्याच. तो बारीक भेद तिथल्या गावकऱ्यांना का लागू झाला नाही?

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीने ख्रिस्ती होताना घरचे देव नदीत सोडले होते. तिला कोरी भिंतच हवी. मी मात्र, खरे सांगतो, मोतमाउलीपुढे हात जोडून आलो आहे.