टुवालू, पाटण आणि मनिऑर्डर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग.

ट्विचवर गेम बघता ना? त्याच्या पत्त्यात शेवटी ‘डॉट टीव्ही’ असतं. ते टेलिव्हिजनचं नाही, टुवालू या देशाचं आहे. पॅसिफिक महासागरातली नऊ बेटं, सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर, माणसं साधारण ११ हजार. हे डोमेन जगाला वापरायला देऊन हा देश पैसे कमावतो.

पण इंटरनेटच्या आधी टुवालू काय विकत होता? थोडं खोबरं, टपाल तिकिटं आणि मुख्य म्हणजे माणसांचे कष्ट. बानाबा आणि नाऊरू बेटांवरच्या फॉस्फेटच्या खाणींत टुवालूची माणसं राबली. पुढे पोरं खलाशी होऊन जर्मन मालवाहू जहाजांवर गेली. त्यांच्या पगारावर घरं चालली. १९८५ मध्ये बर्ट्रम आणि वॉटर्स या अभ्यासकांनी अशा अर्थव्यवस्थेला ‘मिराब’ नाव दिलं. म्हणजे स्थलांतर, घरी पाठवलेला पैसा, परकी मदत आणि सरकारी नोकऱ्या.

मी पाटणचा. आमच्याकडे यासाठी एकच शब्द पुरतो: मनिऑर्डर.

पाटण तालुका डोंगराळ. शेती तुकड्यातुकड्यांची. कोयना धरण आमच्या तालुक्यात, पण त्याचं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वीज बनवायला जातं. धरणाखाली गावं गेली, माणसं दुसऱ्या जिल्ह्यांत वसली. आणि गडीमाणसं निघाली मुंबईला. एका गावाची माणसं एका खोलीत राहायची, खानावळीत जेवायची, बाजारात डोक्यावर पोती वाहायची. डोक्यावर, म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. ना पक्की नोकरी, ना पीएफ.

हे बदलायला उभे राहिले अण्णासाहेब पाटील, आमच्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार द्यायचा. त्याच लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मालक रोज बदलला तरी हक्क कामगारासोबत राहतो. आज ॲपवर डिलिव्हरी करणाऱ्या पोरांसाठी जे मागितलं जातंय, ते हमालांनी तेव्हाच मिळवलं होतं!

टुवालूनेही असंच काहीसं केलं. १९८७ मध्ये त्यांनी ट्रस्ट फंड काढला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन यांनी पैसे घातले, टुवालूनेही घातले. मुद्दल जपायची, वरची कमाई सरकारच्या खर्चाला. जर्मन जहाजांवरची कामं घटली तरी हा फंड राहिला.

मला इथे मुद्दा दिसतो. माणसं बाहेर जातात म्हणून गाव गरीब राहत नाही. पैसा घरोघरी सुटा आला की घराचा स्लॅब पडतो, पोरीचं लग्न होतं, आणि पुढची पिढी परत एसटी धरते. तोच पैसा, थोडा का होईना, एकत्र झाला की संस्था उभी राहते.

आता टुवालूसमोर समुद्राचं पाणी चढतंय. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार वर्षाला २८० जणांना तिथे कायमचं राहता येईल. पहिल्याच फेरीत, कुटुंबीय धरून, निम्म्याहून जास्त देशाने नाव नोंदवलं.

आमच्यावर समुद्र चढत नाहीये. आमची पिढी पुण्यात, बंगळुरात लॅपटॉपवर बसलीय आणि मनिऑर्डरची जागा यूपीआयने घेतलीय. पैसा पोचतो सेकंदात. पण अजून घरोघरी, सुटाच.

तुमच्या गावात एकत्र पैशातून काय उभं राहिलंय? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!