साष्टीच्या उत्तर टोकावरची पस्तीस वर्षे

वसईचा तह १६ मे १७३९ रोजी ठरला. किल्ल्यात उरलेल्या पोर्तुगीजांच्या वतीने काएतानो द सोझा परेरा याने मराठ्यांचे सेनानी चिमाजी अप्पा यांच्याकडून जी कलमे कबूल करून घेतली, त्यांतली बरीचशी शिबंदीच्या मानाची आहेत. हत्यारांसह, ढोल वाजवत, निशाणे फडकवत बाहेर पडायची मुभा आणि निघण्यापुरती मुदत. २३ मे रोजी पोर्तुगीज वसई सोडून गेले. पण या कलमांत मागे राहणाऱ्यांचाही विचार झाला होता. जे ख्रिस्ती इथेच राहतील त्यांना आपला धर्म पाळता यावा, ही मागणी तहात आली आणि मराठ्यांनी ती मान्य केली.

मागे राहणारे कोण होते? ज्यांची गोव्यात घरे होती, नातीगोती होती, ते जहाजांत बसले. पण साष्टी बेटाच्या उत्तर टोकावरच्या उत्तनच्या कोळ्याला, डोंगरीच्या शेतकऱ्याला, भाईंदर-गोराईच्या कष्टकऱ्याला गोवा परमुलूखच होता. त्यांची होडी, खाचर, विहीर आणि पूर्वजांची थडगी सगळी इथेच होती. राज्य गेले आणि रयत जागच्या जागी राहिली.

आणि लढाई तर त्यांच्या दारात झाली होती. वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, आजच्या भाईंदर पश्चिमेला डोंगरी-चौकच्या टेकडीवर धारावीचे ठाणे होते. मुंबईतली धारावी वेगळी. या ठाण्यावर तोफा चढवल्या की समुद्राकडून वसईला जाणारी कुमक अडवता येई. म्हणून १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत धारावी कधी मराठ्यांकडे, कधी पोर्तुगीजांकडे, असे हात बदलत राहिली. खालच्या गावांनी दोन्ही फौजांची ये-जा सोसली. घोडबंदर तर पहिल्याच धडाक्यात, १७३७ मध्ये, मराठ्यांकडे आले.

पण इथल्या माणसांच्या श्रद्धेची कसोटी १७३९ साली सुरू झाली, असे म्हणणे अर्धवट ठरेल. याच बेटावर हिंदूंची कसोटी त्याआधी दोन शतके चालली होती. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगीजांना दिली. मग देवळे पडली, उघड पूजाअर्चेवर बंदी आली. १५६० नंतर गोव्याच्या इन्क्विझिशनचा हात इथवर पोचला. भाईंदरपासून जवळच, बोरिवलीला मंडपेश्वराचे लेणे आहे. तिथल्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च थाटले, वर मठ बांधला. बाहेरच्या एका भिंतीवर जुने शिल्प तासून त्यावर भलामोठा क्रूस कोरलेला आजही दिसतो. १७३९ नंतर लेणे पुन्हा शिवाकडे गेले आणि वरचा मठ ओस पडला. एका वेळी एका समाजाचे आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्याचे देवाचे घर गेले, याचा इतका ढळढळीत पुरावा साष्टीत दुसरा नाही. एका बाजूचे अभिमानी क्रूस दाखवतात, दुसरे ओस मठ दाखवतात. दोन्ही एकाच खडकावर आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

हिंदूंच्या बाजूची सबुरी कशी होती, हे अंजूरकरांच्या हकिकतीतून कळते. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक साष्टी सोडवण्यासाठी पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेपा घालत राहिले. चिंचवडच्या देवांवर त्यांची निष्ठा होती आणि अनुष्ठानाशिवाय त्यांनी पाऊल उचलले नाही. पण अनुष्ठानाइतकेच लक्ष त्यांनी खाड्यांच्या उतारांकडे, वाटाड्यांकडे आणि माणसे जोडण्याकडे दिले. देव पाठीशी आहे हे धरून चालायचे आणि आपले काम मात्र एक दिवसही टाळायचे नाही, अशी ती तऱ्हा. मार्च १७३७ मध्ये मराठे ठाण्यात शिरले तेव्हा त्या कामाला फळ आले. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केलेला नवसही याच काळातला. वसई मिळाल्यावर देवीचे देऊळ उभे राहिले.

समोर वसईच्या तटाआडही प्रार्थना चालू होत्या. तिथल्या अडचणीचा सगळ्यांत बोलका तपशील एका कर्जव्यवहारात आहे. वेढा आवळत आला तेव्हा वसईकरांनी मुंबईच्या इंग्रजांकडे पैसे मागितले. इंग्रजांनी १५,००० रुपये दिले, पण तारण म्हणून चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा ठेवून घेतल्या. ज्या पात्रांतून प्रभुभोजन दिले जाई, ती पात्रे शिपायांच्या पगारासाठी गहाण पडली. शेवटच्या दिवसांत ते लोक काय सोसत होते, हे या व्यवहारातून उघड होते. आणि भांडी गेली तरी उपासना थांबली नाही.

घंटाही गेल्या. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून देशावर नेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नाना फडणविसांनी टांगलेली घंटा १७०७ साली ओतलेली आहे आणि तिच्यावर मरियामातेची आकृती आहे. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकर देवळात एक आहे. घंटेचा आवाज ऐकून ज्या गावांचा दिवस सुरू व्हायचा आणि मावळायचा, त्या गावांतून घंटाच नाहीशी होणे म्हणजे काय, याचा विचार विजयाच्या वर्णनांत कोणी केलेला नाही. तो करायला हवा.

त्यानंतर काय झाले? जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पंथांचे युरोपीय पाद्री निघून गेले. जागा भरून काढली गोव्याहून आलेल्या देशी पाद्र्यांनी. या काळ्या कातडीच्या पाद्र्यांना युरोपीय पंथांनी आजवर खालची जागा दिली होती. आता साष्टीतला बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक सगळे त्यांच्यावर आले. राजाश्रय नाही, हाताशी पैसा नाही, अशा अवस्थेत त्यांनी गावोगावची मंडळी धरून ठेवली. साष्टीच्या इतिहासात या माणसांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

त्यांच्या कामाचा साक्षीदार परका आहे. फ्रेंच अभ्यासक आंक्तिल द्युपेराँ १७६० साली कान्हेरीची लेणी पाहायला साष्टीत आला. पारशी धर्मग्रंथांच्या शोधात निघालेल्या या माणसाला इथल्या ख्रिस्ती लोकांची बाजू घेण्याचे काही कारण नव्हते. ठाण्याच्या चर्चमधला सण त्याने पाहिला. हजारो ख्रिस्ती जमले होते, पूजा चालवणारा पाद्री देशी होता आणि मराठ्यांच्या राज्यात हे सगळे उघडपणे चालले होते, असे त्याच्या वर्णनावरून दिसते. तहाला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. कलम कागदावर राहिले नव्हते. त्याचे श्रेय पुण्याच्या कारभाऱ्यांना द्यावे लागेल, आणि तितकेच न चुकता सणाला येणाऱ्या त्या हजारोंनाही.

साष्टीच्या दुसऱ्या टोकाला, वांद्र्याला, याच धामधुमीत टेकडीवरचे मरियामातेचे देऊळ पडले. १७६१ साली ते पुन्हा बांधले गेले. मूर्ती कोळ्यांच्या जाळ्यात सापडली ही कथा लोकांच्या तोंडी आहे. तिला कागदाचा आधार मागू नये. पण ती कथा कोळ्यांची आहे, हे लक्षात घ्यावे. देव परत आणला तो आपण, आपल्या जाळ्यातून, असे ते सांगतात. उत्तनपासून वर्सोव्यापर्यंतचे कोळी या मरियामातेच्या, म्हणजे ‘मोत माउली’च्या, जत्रेला का जातात, हे त्यातून समजते.

२८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी तिसऱ्यांदा नव्या धन्याकडे गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. पुढे गोवा-मंगळुराहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून साष्टी-वसईच्या या जुन्या रहिवाशांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या साली, १८८७ मध्ये, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. उत्तन-डोंगरीच्या घरांत तोवरही आणि त्यानंतरही प्रार्थनेची, भांडणाची आणि लग्नगीतांची भाषा मराठीच होती.