कॅन्सल आउट

कॅन्सल आउट : इंग्रजीतील एक संयुक्त क्रियापद. परस्परविरुद्ध दिशेने काम करणाऱ्या दोन गोष्टींचा जोर सारखा असला, की एकीचा परिणाम दुसरीमुळे नाहीसा होतो. त्यासाठी ते वापरतात. पगार १० टक्क्यांनी वाढला आणि भावही तेवढेच चढले, तर महागाईने पगारवाढ ‘कॅन्सल आउट’ केली.

‘कॅन्सल’चे मूळ लॅटिन ‘कॅन्सेलारे’ : जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा मारून लिखाण खोडणे. सभा किंवा गाडी रद्द होते तेव्हा नुसते ‘कॅन्सल’ चालते, कारण ठरलेली गोष्ट तिथे घडतच नाही. ‘आउट’ जोडल्यावर मात्र दोन्ही गोष्टी घडलेल्या असतात; उरत नाही तो फक्त परिणाम. सभा ‘कॅन्सल आउट’ होत नाही ती यामुळेच. गणितात दोन्ही रूपे चालतात.

वाक्यात कधी एक गोष्ट कर्ता व दुसरी कर्म असते, कधी दोन्ही मिळून कर्ता : ‘दे कॅन्सल ईच अदर आउट’ किंवा नुसतेच ‘दे कॅन्सल आउट’. कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच बसते : ‘कॅन्सल इट आउट’.

भौतिकशास्त्रात हा शब्दप्रयोग शब्दशः खरा ठरतो. एका ध्वनिलहरीचा उंचवटा दुसरीच्या तितक्याच मोठ्या खोलगटावर नेमका पडला, की त्या जागी आवाज मावळतो. पाउल ल्यूग या संशोधकाला १९३६ मध्ये याच तत्त्वावर अमेरिकी पेटंट मिळाले. गोंगाट दाबणारे आजचे हेडफोनही त्यावरच चालतात. हिशेबात मात्र हीच गोष्ट घातक. एका खात्यात ५०० रुपये जास्त आणि दुसऱ्यात तेवढेच कमी नावे पडले, तर तेरीज बिनबोभाट जुळते आणि चुका आत तशाच राहतात.

मराठीत याला एकच प्रतिशब्द पुरत नाही. समीकरणातली पदे ‘उडतात’, येणे-देणे ‘वळते’ होते, उसनवारीची ‘फिट्टंफाट’ होते; औपचारिक लेखनात ‘परस्परांना निष्प्रभ करणे’ बरे.

परिणाम थोडाच घटला असेल, तर इंग्रजीत ‘पार्टली ऑफसेट’ किंवा ‘पार्टली कॅन्सल आउट’ म्हणणे नेमके. टक्केवारीत हा घोळ फार होतो. १०० रुपयांची वस्तू १० टक्क्यांनी महागली आणि मग १० टक्क्यांनी उतरली, तर वाढ-घट ‘कॅन्सल आउट’ झाली असे वाटते. प्रत्यक्षात ११० वरून भाव ९९ वर येतो.