तिवड्याची स्वस्ताई

गोविंदपंत बुंदेल्यांचे ठाणे म्हणून मध्य प्रदेशातील सागर आपणां मराठी मंडळींस परिचित आहे. त्याच मुलखात १८२९ साली गारपिटीने, १८३० साली अवर्षणाने आणि १८३१ साली रोगाने गहू बुडाला. तगला तो केवळ तिवडा, म्हणजे आपली लाखोळी डाळ. लोकांनी तिच्यावरच गुजराण केली. १८३३ पासून तिशीच्या आतील तरणीताठी माणसे एकाएकी कमरेखाली लुळी पडू लागली, असे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदविले आहे.

१९६१ साली केंद्र शासनाने या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. तरीही तूरडाळीत व बेसनात तिची भेसळ होतच राहिली, कारण ती स्वस्त. शासकीय सेवेत असताना आम्ही अशा बंदीवरच भिस्त ठेवीत असू. आज वाटते, काटकसर हा दोष नव्हे. एकाच स्वस्त धान्यावर महिनोन् महिने जगावे लागणे, हे खरे संकट. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास या डाळीतील विष बरेच उतरते. जोडीला इतर धान्ये असली, तर धोका आणखी घटतो. म्हणून बचत अवश्य करावी, पण ताटातले वैविध्य राखून. आणि बेसन फारच स्वस्त मिळाले, तर ते का, हे आधी विचारावे.