कोडिंग शिकायला लॅपटॉप घेताय? आधी रॅम आणि एसएसडी बघा

सोयाबीनच्या पैशातून पोरांसाठी लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदार आधी 'आय सेव्हन' दाखवतो. नुसत्या त्या नावावर भुलू नका. आत ४ जीबी रॅम असेल तर तो रडतच चालणार.

सी, पायथन, जावा किंवा वेबसाईट बनवणं शिकायला ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरते. अँड्रॉइड ॲप बनवायचं असेल तर मात्र १६ जीबी हवी. रॅम नंतर वाढवता येते का, हे घेतानाच विचारा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डलाच चिकटवलेली असते. गेमिंगचं महागडं ग्राफिक कार्ड यासाठी लागत नाही.

कंपन्यांनी वापरून काढलेला सेकंडहँडही चालतो. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला जुने प्रोसेसर सहसा चालत नाहीत. घरात त्याहून जुना पडून असेल तर एसएसडी बसवून फुकटातलं उबुंटू टाका. शिकायची सुरुवात त्यावरही होते.

डेस्कटॉप त्याच पैशात जास्त दमदार मिळतो, पण लाईट जाणाऱ्या गावात यूपीएसचा खर्च धरा. सेकंडहँड लॅपटॉप दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा. आणि पक्कं बिल मागा.